स्वतः घड्याळ जोडायचं किट: पारख कशी करायची?

एखाद्या नामांकित जपानी कंपनीचं तयार ऑटोमॅटिक घड्याळ उघडून पाहिलं, तर आत जे मशीन दिसतं त्याचंच सख्खं भावंड ‘तुमचं घड्याळ तुम्हीच बनवा’ असं छापलेल्या किटच्या डब्यात निघतं. जोडायची मेहनत आपली आणि काही मोडलं तर नुकसानही आपलंच. तरी किटची किंमत बहुतेक वेळा तयार घड्याळाच्या आसपास असते, कधी थोडी जास्तच. मजुरी वजा झाली तर माल स्वस्त व्हायला हवा. इथे उलटं का होतं?

याचं व्यापारी उत्तर सोपं आहे. कारखाना डायल, काटे आणि केस लाखांनी घेतो, किटवाला शेकड्यांनी. वर सुटी हत्यारं, टपालखर्च, आणि माल परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क. पण मग घेणारा पैसे कशाचे देतो? घड्याळाचे नव्हेच, ते तर दुकानात मिळतं. तो पैसे देतो आत काय चाललंय हे स्वतःच्या हाताने कळावं म्हणून. त्यामुळे किटची पारखही त्याच मापाने करायला हवी: हा डबा आपल्याला आतलं किती करू देतो, आणि करताना काही मोडलं तर ते परत मिळतं का? मनगटावर कसं दिसेल हा प्रश्न त्यानंतरचा.

चावी दिली, पुढे काय होतं?

सेल नसलेलं घड्याळ चालतं ते एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीवर. चावी दिली की ही पट्टी, म्हणजे मुख्य स्प्रिंग, एका छोट्या गोल डबीत घट्ट आवळली जाते. ऑटोमॅटिक घड्याळात हेच काम मनगटाच्या हालचालीने फिरणारं अर्धगोल वजन करतं. स्प्रिंगला मोकळं सोडलं तर सगळा जोर क्षणात संपेल. तो चाळीस तास पुरवायचा, तेही समान हप्त्यांत, हीच घड्याळातली खरी करामत.

परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजायला जायकवाडीचा डावा कालवा पुरे. नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पाणी साठलेलं आहे. दरवाजे एकदम उघडले तर पूर येईल आणि नंतर कोरड पडेल. म्हणून पाणी कालव्याने येतं, कालव्यातून चारीत, चारीतून शेतात, आणि प्रत्येक ठिकाणी दार असतं. घड्याळात मुख्य स्प्रिंग हे धरण. एकमेकांत अडकलेली तीन-चार चाकं हा कालवा. शेवटच्या चाकाला विशिष्ट आकाराचे दात असतात आणि त्या दातांसमोर पॅलेट नावाचा दोन टोकांचा काटा बसलेला असतो, हे दार. पॅलेट एका वेळी एकच दात सोडतो आणि लगेच पुढचा अडवतो. घड्याळाची टिकटिक म्हणजे हे दार लागल्याचा आवाज.

दार उघडणारा पाटकरी म्हणजे बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक स्प्रिंगला, म्हणजे हेअरस्प्रिंगला, जोडलेलं हे चाक एकदा इकडे, एकदा तिकडे झुलत राहतं आणि प्रत्येक झोक्यात पॅलेटला एक टिचकी मारतं. पण पाटबंधारे खात्याच्या पाटकऱ्याला पगार बाहेरून मिळतो. घड्याळातला पाटकरी मात्र दार उघडताना वाहत्या पाण्यातलाच एक घोट घेतो. सुटणारा दात पॅलेटमार्फत बॅलन्सला हलकासा धक्का देतो आणि त्या धक्क्यावर तो पुढचा झोका घेतो. कालव्यात गाळ साचला, म्हणजे चाकांत धूळ किंवा सुकलेलं तेल असलं, की हा घोट कमी पडतो, झोका लहान होतो आणि शेवटी घड्याळ थांबतं.

झोका लहान-मोठा झाला तर वेळ बदलत नाही का? फारसा नाही. हेअरस्प्रिंगला जितकं जास्त पिळावं तितक्याच जास्त जोराने ती परत खेचते. त्यामुळे मोठ्या झोक्यालाही लहान झोक्याइतकाच वेळ लागतो. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये ही स्प्रिंग घड्याळात आणली, आणि तोवर दिवसाला बरीच मिनिटं चुकणारं खिशातलं घड्याळ भरवशाचं होऊ लागलं. आजच्या किटमध्ये सर्वात जास्त दिसणारं एनएच३५ हे सेको गटाचं मशीन सेकंदाला सहा ठोके देतं, म्हणजे दिवसाला ५,१८,४००. एवढ्या ठोक्यांत कुठेही खंड पडू द्यायचा नसतो, म्हणून आसांच्या टोकांखाली धातूऐवजी कृत्रिम माणिक बसवलेलं असतं. जुन्या घड्याळांच्या तबकडीवरचे ‘१७ ज्युवेल्स’ ते हेच. एनएच३५ मध्ये असे २४ आहेत. ते विकून काही मिळत नाही. कारखान्यात बनणारा हा कठीण, गुळगुळीत दगड आहे, तो झिजत नाही एवढंच त्याचं मोल.

पाच प्रकारचे डबे

एवढं कळलं की किटच्या जाहिरातीतला ‘बनवा’ हा शब्द किती ताणलेला आहे ते दिसतं. बहुतेक डब्यांत स्प्रिंगपासून बॅलन्सपर्यंतचं सगळं मशीन कारखान्यातून जोडूनच येतं. आपल्याला उरतं ते डायल बसवणं, काटे दाबणं, चावीची दांडी कापणं, मशीन केसमध्ये ठेवून मागचं झाकण लावणं आणि पट्टा. कालव्याला आपला हात लागतच नाही. हे काम क्षुल्लक नाही, पण त्याला घड्याळ बनवणं म्हणू नये.

पहिला प्रकार लाकडी किंवा प्लास्टिकच्या भल्यामोठ्या दातांच्या शैक्षणिक घड्याळांचा. ती मुलांना तत्त्व शिकवायला उत्तम असतात. मनगटाशी त्यांचा संबंध नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवू.

दुसरा प्रकार क्वार्ट्झचा, म्हणजे सेलवरचा. यात बहुधा सिटिझन गटाचं मियोटा २०३५ किंवा तसंच मशीन असतं. वीज मिळाली की क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. आतली चिप हा आकडा पंधरा वेळा निम्मा करते, म्हणजे बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो आणि त्यावर छोटी मोटर काटा ढकलते. पाहण्यासारखं त्यात फार नाही. पण मशीन स्वस्त असतं, त्यामुळे काटे बसवायची भीती मोडायला याहून चांगली जागा नाही. शाळकरी मुलासाठी किंवा आयुष्यात कधी चिमटा न धरलेल्या माणसासाठी पहिलं किट हेच असावं, असं माझं मत. अनेक शौकीन याला नाकं मुरडतात. त्यांचा पहिला एनएच३५ चा डबा किती दिवस अर्धवट पडून होता, ते त्यांना विचारावं.

तिसरा एनएच३५ चा. आज ‘घड्याळाचं किट’ म्हटलं की हाच डोळ्यांसमोर येतो. मशीन दणकट आहे, पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चालतं, चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो आणि नवशिक्याचे बरेच धक्के सोसतं. मुख्य म्हणजे त्याला बसणारे डायल, काटे, केस, दांड्या मुबलक मिळतात. किट वापरायच्या घड्याळासाठी घ्यायचं असेल तर हेच घ्यावं.

चौथा प्रकार कमी दिसतो, पण शिकायला सर्वात मोलाचा. युनिटास ६४९७ नावाचं स्विस मशीन मूळचं खिशातल्या घड्याळाचं. त्याच धर्तीवर चीनमधल्या तिआंजिनची सी-गल कंपनी एसटी३६ बनवते. त्याचा व्यास सुमारे ३६.६ मिलिमीटर, तर एनएच३५ चा जेमतेम २७. चाकं मोठी, स्क्रू मोठे, तारखेची भानगड नाही, ऑटोमॅटिकचं वजन नाही, रोज हाताने चावी द्यायची. वर सांगितलेलं धरण, कालवा, दार आणि पाटकरी, सगळं एका नजरेत दिसतं. हे मशीन पूर्ण उघडून परत जोडणाऱ्यालाच ‘मी घड्याळ जोडलं’ म्हणायचा हक्क. मात्र इथे तेल आलं, वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या दाटपणाचं आणि सुईच्या टोकाएवढंच. बॅलन्सवरची धक्का झेलणारी स्प्रिंग चिमट्यातून उडाली की फरशीवर सापडत नाही, हेही आधीच धरून चालावं.

पाचवा प्रकार म्हणजे आरपार दिसणारं, नक्षीदार, फार स्वस्त ‘स्केलेटन’. मशीनवर नाव नाही, क्रमांक नाही. फोटोत सर्वात देखणा हाच दिसतो, आणि टाळायचा तोही हाच. एक स्क्रू हरवला की दुसरा कुठून आणायचा याचं उत्तर विकणाऱ्याकडेही नसतं.

शून्य पूर्णांक पाच शतांशाचा फरक

किट फसतं ते बहुधा मापावर. एनएच३५ मध्ये तासकाट्याचं भोक १.५० मिमी, मिनिटकाट्याचं ०.९० आणि सेकंदकाट्याचं ०.२० मिमी. स्विस ईटीए २८२४ मशीनचे पहिले दोन आकडे हेच आहेत, पण सेकंदकाटा ०.२५ चा. फरक ०.०५ मिलिमीटर, केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही कमी. पण तो काटा एनएच३५ वर ठेवला की सैल बसतो आणि पहिल्या धक्क्याला काचेखाली लोळू लागतो. म्हणून डायल, काटे आणि मशीन वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या ‘किट’मध्ये मापं लिहून मागावीत. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, तेही मशीनच्या भोकांत बरोबर बसायला हवेत. चावी तीनच्या आकड्यासमोर असलेल्या केसला जो डायल चालतो, तो चारच्या जवळ चावी असलेल्या केसला चालत नाही.

काटे बसवायची रीत अशी. आधी चावी फिरवून तारीख बदलते तो क्षण पकडायचा, तीच मध्यरात्र. तिथे थांबून तासकाटा आणि मिनिटकाटा दोन्ही बारावर दाबायचे. घाईने कुठेही बसवले तर पुढे तारीख दुपारी चारला बदलत राहते. तिन्ही काटे एकमेकांना समांतर हवेत. एक जरी वाकला तरी दुसऱ्यात अडकून घड्याळ बंद पडतं, आणि आपण उगाच मशीनला दोष देतो.

सर्वात जास्त हात कापतात ते दांडी कापताना. चावीची दांडी मुद्दाम लांब येते, ती केसप्रमाणे कापायची असते. थोडी थोडी कापून, कानशीने घासून, दर वेळी लावून बघायचं. लांब राहिली तर आणखी कापता येते, आखूड झाली तर नवी आणावी लागते. जो विक्रेता डब्यात एक जादा दांडी टाकतो, त्याने स्वतः कधीतरी घड्याळ जोडलेलं आहे असं समजावं. दांडी काढताना मशीनवरचा बारीक खटका अलगद दाबायचा. जोर लावला तर चावीचा आतला जोड निसटतो, आणि मग उघडायचं नसलेलं मशीन उघडावं लागतं.

[चौकट] पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न
मशीनचं नाव आणि क्रमांक काय? काट्यांची मापं लेखी मिळतील का? जादा दांडी आणि जादा सेकंदकाटा डब्यात आहे का? फक्त डायल किंवा फक्त काच नंतर वेगळी विकत मिळेल का? हत्यारं कुठली, आणि ती नको असतील तर किंमत कमी होते का? डायलवर एखाद्या प्रसिद्ध कंपनीचं नाव छापलेलं असेल तर पुढचं काही विचारू नका. तो बनावट माल आहे आणि तो विकणं ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ खाली गुन्हा आहे.

हत्यारांत मारलेली काटकसर

विक्रेता पैसे वाचवतो ते बहुतेक हत्यारांत. मऊ लोखंडाचा स्क्रूड्रायव्हर दोन स्क्रूंनंतर टोकाला वळतो, मग घसरतो आणि मशीनवर ओरखडा काढतो. पात्याची रुंदी स्क्रूच्या खाचेइतकीच हवी, ०.८ ते १.६ मिमीचे तीन-चार चांगले स्क्रूड्रायव्हर पुष्कळ झाले. चिमटा चुंबकाला न चिकटणारा घ्यावा. डोळ्याला लावायची आयग्लास, धूळ उडवायचा रबरी फुगा, बोटांच्या रबरी टोप्या, काटे दाबायचं साधन आणि मशीन ठेवायचा स्टँड, एवढ्यावर काम होतं. बारीक धूळ उचलायला निळसर चिकट माती मिळते, ती जरूर घ्यावी. तीस-चाळीस नगांच्या चकचकीत पेटीतली निम्मी हत्यारं डब्यातून कधी बाहेरच येत नाहीत.

‘५० मीटर पाण्यात सुरक्षित’ हे केसमागचं वाक्यही जपून वाचावं. ते कारखान्यात तपासलेल्या घड्याळाला लागू पडतं. आपण घरी बसवलेल्या झाकणाखालची रबरी कडी वळली की काय, हे दाबाची चाचणी केल्याशिवाय कळत नाही. तोवर हात धुताना आणि पावसात घड्याळ काढून ठेवलेलं बरं.

परभणीचा मे महिना

परदेशी मार्गदर्शकात लिहिलेलं असतं: स्वच्छ टेबलावर, वारा नसलेल्या खोलीत बसा. परभणीत मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो. पंखा लावला तर सेकंदकाटा उडतो, पंखा बंद केला तर घामाचा थेंब डायलवर पडतो. घामातलं मीठ पोलादाला गंज चढवतं. उन्हाळी वाऱ्याबरोबर येणारी काळ्या मातीची धूळ तर बंद खिडकीतूनही आत येते. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत किट मागवायची कल्पना या भागापुरती तरी चुकीची. पावसाळ्यात धूळ बसलेली असते, दिवाळीनंतर हवा कोरडी आणि थंड होते. काम तेव्हा करावं.

उष्णतेचा एक परिणाम हाताला जाणवत नाही, पण घड्याळाला जाणवतो. साधं पोलाद तापलं की किंचित मऊ होतं. त्याची हेअरस्प्रिंग असेल तर एका अंशाला दिवसाकाठी दहा-अकरा सेकंदांचा फरक पडतो. परभणीत थंडीत पारा सहा अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे टेबलावर पडलेलं असं घड्याळ डिसेंबरच्या पहाटे ज्या चालीने चालेल, त्यापेक्षा मेच्या दुपारी दिवसाला जवळजवळ सात मिनिटांनी मागे पडण्याच्या चालीने चालेल. हे दुखणं स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम यांनी सोडवलं. तापमानाने फारशा न बदलणाऱ्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंसाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या मशीनमधली हेअरस्प्रिंग त्याच घराण्यातल्या मिश्रधातूची असते. बिननावाच्या स्वस्त मशीनमध्ये ती कशाची आहे, हे कोण सांगणार?

दुसरा अदृश्य शत्रू चुंबक. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं बटण किंवा फोनच्या कव्हरची झडप यांच्याजवळ घड्याळ ठेवलं की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू शकतात. स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. नवशिक्याला वाटतं आपण काहीतरी मोडलं. चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र स्वस्त आहे, आणि गावातल्या बहुतेक जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं.

कपाटातलं एचएमटी

किटची चर्चा करताना आपल्याकडे आधीच असलेला डबा विसरू नये. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळुरूला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या, एसटी चालकांच्या मनगटावर पुढची दोन-तीन दशकं ‘जनता’ किंवा ‘पायलट’ होतं. लग्नात ‘कांचन’साठी अडून बसणारे जावई होते. १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळं आली आणि चावीचं घड्याळ मागे पडलं. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

‘जनता’चं हाताने चावी द्यायचं १७ ज्युवेल्सचं मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, आणि बांधणीने सरळ आहे. बंद पडलेलं असं एखादं मशीन जुन्या बाजारात किंवा दुरुस्तीवाल्याच्या डबीत मिळालं, तर उघडायला शिकण्यासाठी ते चौथ्या प्रकारच्या किटखालोखाल उपयोगी. मात्र वडिलांचं किंवा आजोबांचं घड्याळ सरावाला घेऊ नये. आणि भडक रंगांच्या नव्याकोऱ्या तबकड्यांची ‘जुनी’ एचएमटी घड्याळं स्वस्तात विकली जातात, त्यांपासूनही सावध राहावं. त्यांतली बरीचशी चार-पाच घड्याळांचे तुकडे जमवून आणि डायल पुन्हा रंगवून केलेली असतात. कुणीतरी आधीच जोडलेलं किटच ते, फक्त तसं सांगून विकत नाहीत.

चाललं, पण किती बरोबर?

एनएच३५ साठी कंपनीनेच सांगितलेली मर्यादा आहे दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे. मियोटा २०३५ महिन्याला २० सेकंदांच्या आत राहतं. म्हणजे सेलवरचं स्वस्त घड्याळ अचूकपणात चावीवाल्याला सहज हरवतं. चाळीस सेकंद ऐकायला खूप वाटतात, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती अर्ध्या सहस्रांशाहून कमी चूक आहे. परभणीकरांनी तर याची चिंता करूच नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि परभणी ७६.८ अंशांवर, त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी २३ मिनिटं उशिराच डोक्यावर येतो.

तपासायची साधी रीत: सकाळी सातला चावी ओढून सेकंदकाटा थांबवा, मोबाइलच्या वेळेशी जुळवून सोडा, दुसऱ्या दिवशी सातला फरक लिहा. एक रात्र डायल वर करून ठेवा, एक रात्र चावी खाली करून. रोजचा फरक ठरावीक असेल तर मशीन निरोगी आहे; बॅलन्सशेजारचा बारीक दांडा किंचित सरकवून तो कमी करता येतो. आज दहा सेकंद पुढे आणि उद्या पन्नास मागे असं होत असेल, तर काटा घासतोय किंवा आत धूळ आहे. आणि रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान चावीने तारीख बदलू नका. त्या वेळात तारखेचे दात आधीच एकमेकांत गुंतलेले असतात, जबरदस्तीने ते मोडतात.

तेव्हा निवड अशी करावी: हात बसवायला क्वार्ट्झ, वापरायला एनएच३५, आणि खरोखर शिकायचं असेल तर एसटी३६. बिननावाचं स्केलेटन कुठल्याच कामाचं नाही. आणखी एक गोष्ट कुठल्याच डब्यात येत नाही. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूरच्या बाजारपेठेत काचेच्या छोट्या पेटीमागे डोळ्याला आयग्लास लावून बसणारे दुरुस्तीवाले अजून आहेत, आणि त्यांचं बरंचसं काम आता सेल आणि पट्टे बदलण्यापुरतं उरलं आहे. किट मागवण्याआधी त्यांच्याकडे जा, दोन दुपारी बसून काटे कसे दाबतात ते पाहा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे त्यांना मागायला न लावता द्या.